आपल्याकडूनच भाडं मागणारा भाडेकरू

आमच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षक राहतात. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणतं. परवा सकाळीच त्यांचा फोन, "अरे, बातम्या राहू दे, आधी घरी ये. पेन्शनीतून पैसे गेले आणि मी तर काहीच विकत घेतलं नाही."

गेलो. बघतो तर अँटीव्हायरसचे पैसे कापलेले. मागच्या वर्षी घरच्या कॉम्प्युटरवर लाल पाटी आली होती, 'तुमचा संगणक धोक्यात आहे'. गुरुजी घाबरले, कार्डाचा नंबर टाकला, ओटीपी दिला, पाटी हिरवी झाली. विषय संपला असं त्यांना वाटलं. पण त्याच पानावर खाली बारीक अक्षरात 'दरवर्षी आपोआप नूतनीकरण' असं लिहिलेलं होतं, आणि त्यापुढे आधीच टिक केलेली होती.

तुम्ही म्हणाल, बँकेचा मेसेज येतो की. येतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांची सूचना किमान 24 तास आधी यायला हवी, आणि ती आलीही होती. इंग्रजीत, कर्जाच्या आणि लॉटरीच्या चाळीस मेसेजच्या मध्ये. 15 हजारांपर्यंतच्या अशा पुढच्या हप्त्यांना पुन्हा ओटीपी लागत नाही. गुरुजींना कळणार कुठून?

"काढून टाक ते," म्हणाले. बसलो काढायला. म्हटलं, पाच मिनिटांचं काम.

सेटिंग्ज, अ‍ॅप्स, अनइन्स्टॉल. पहिली पाटी, 'जाऊ नका, निम्म्या किमतीत घ्या'. दुसरी पाटी, 'तुम्हाला खरंच असुरक्षित राहायचं आहे का?' त्यात 'संरक्षण ठेवा' हे बटण मोठं, हिरवं. 'काढून टाका' मात्र करड्या रंगात, कोपऱ्यात. तिसऱ्या पाटीवर कारण विचारलं. मग रीस्टार्ट. पुन्हा चालू केला तर त्याच कंपनीचा 'सफाई करणारा' प्रोग्रॅम जागेवर, ब्राउझरमध्ये तिचंच एक्स्टेंशन. एका वस्तूबरोबर तीन घरात शिरल्या होत्या, आणि प्रत्येकीला वेगवेगळं हाकलावं लागलं.

एवढं करूनही उजव्या कोपऱ्यात लाल पाटी! मीही चक्रावलो. नंतर लक्षात आलं, ही पाटी अँटीव्हायरसची नव्हतीच. कुठल्याशा साइटवर 'अलाऊ' दाबलं गेलं होतं आणि ती क्रोममधून अँटीव्हायरसच्या नावाने खोटे इशारे पाठवत होती. क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्समधून ती परवानगी काढली आणि पाटी गेली. अशा पाटीवर फोन नंबर असेल तर चुकूनही लावू नका. तिथे फसवणारेच बसलेले असतात.

मुळात अँटीव्हायरस हा चालकाच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या पातळीवर विंडोजच्या आत घुसून बसतो. म्हणून प्रोग्रॅम फाइल्समधला फोल्डर डिलीट करून तो जात नाही. आमच्याकडे एका दुकानातल्या पोराने असंच केलं होतं, अर्धवट ड्रायव्हर मागे राहिले आणि इंटरनेटच बंद पडलं. बहुतेक मोठ्या कंपन्यांचं स्वतःचं वेगळं रिमूव्हल टूल असतं. ते कंपनीच्याच साइटवरून घ्यायचं आणि काही वेळा सेफ मोडमध्ये चालवायचं. म्हणजे आपलंच सामान नीट निघत नाही, हे कंपन्यांना ठाऊक आहे. मग ते टूल अनइन्स्टॉलच्या बटणामागेच का नाही ठेवत?

मी अँटीव्हायरसच्या विरोधात नाही. ज्याला हवा त्याने जरूर घ्यावा. पण विंडोज 10 आणि 11 मध्ये डिफेंडर आधीपासून असतो, फुकट. दुसरा अँटीव्हायरस टाकला की तो बाजूला होतो, काढला की पुन्हा कामाला लागतो. गुरुजींना 'विंडोज सिक्युरिटी' उघडून हिरवी खूण दाखवली तेव्हा ते म्हणाले, "मग मी पैसे कशाचे दिले रे?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

आणि सगळ्यात मोठी गोम ही की, कॉम्प्युटरवरून काढलं म्हणून वर्गणी थांबत नाही! ती कंपनीच्या साइटवर लॉगिन करून वेगळी बंद करावी लागते. गुरुजींना पासवर्ड आठवेना. शेवटी बँकेच्या अ‍ॅपमधून मॅंडेट रद्द केलं.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 ला 'डार्क पॅटर्न' रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात 13 प्रकार दिलेत. वर्गणी बंद करणं मुद्दाम अवघड करणं, भीती किंवा लाज दाखवून निर्णय बदलायला लावणं, सतत टुमणं लावणं, हे सगळं त्यात आहे. गुरुजींच्या कॉम्प्युटरवर हे तिन्ही एका सकाळी भेटले. नियम दिल्लीत आहे, तालुक्याच्या गावात तो कुणी वाचलेलाही नाही. दुकानदाराने नाही, संगणक क्लासवाल्याने नाही, आणि खरं सांगायचं तर परवापर्यंत मीही नीट वाचला नव्हता. दोन क्लिकमध्ये घेता येतं ते दोन क्लिकमध्ये काढता आणि थांबवता आलंच पाहिजे, आणि त्याची सूचना मराठीत आली पाहिजे, एवढंच मागणं आहे.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर गुरुजींची तक्रार काल नोंदवली. पैसे परत येतात का ते बघू. आले तर इथेच लिहीन, नाही आले तरी लिहीन.