माग श्वानाचा, न्याय माणसाचा

गाढवी नदीवरील इटियाडोह धरण हे अर्जुनी मोरगाव तालुक्याचे वैभव. सभोवती जंगल, धानाची शेते आणि विखुरलेल्या वस्त्या. गोंदिया जिल्ह्यातील या वनप्रदेशाने माओवादी हिंसाचाराचे सावट वर्षानुवर्षे सोसले. पेरलेल्या सुरुंगांच्या वाटेवर जवानापुढे चालणारा श्वान हा त्याचा प्राणरक्षकच होय. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबईत हजारो किलो आरडीएक्स हुडकणारा ‘झंजीर’ महाराष्ट्र विसरलेला नाही. या मुक्या सैनिकांविषयी कृतज्ञताच हवी.

परंतु स्फोटक शोधणे वेगळे आणि अपराधी ठरवणे वेगळे. श्वान जिथे बसला, तिथली जमीन खणून खरेखोटे करता येते. माणसाचा अपराध असा खणून दिसत नाही. वस्तीत चोरी होते, पथक येते, गाव गोळा होतो आणि श्वान एखाद्या गोंड मजुराच्या दारात थबकतो. त्या क्षणी गावाचा निकाल लागलेला असतो! पुढे न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले, तरी कपाळीचा कलंक पुसणार कोण?

महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका खटल्यात, १९७० च्या सुमारास, अशा पुराव्यावरील आक्षेपांची नोंद झाली. श्वान साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहू शकत नाही, त्याची उलटतपासणी होऊ शकत नाही. माणसाचे प्राण आणि स्वातंत्र्य श्वानाच्या अनुमानावर टांगू नयेत. २००१ मध्ये याच न्यायालयाने श्वानाची चूक, हस्तकाची चूक आणि दोघांमधील गैरसमज या शक्यता दाखवल्या. २००८ मध्ये तर स्पष्ट सांगितले, की तपासासाठी श्वानाचे साह्य घ्यावे, दोषसिद्धीचा पुरावा म्हणून नव्हे.

हा केवळ कायद्याचा काथ्याकूट नव्हे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रयोगात १८ हस्तक आपापल्या श्वानांसह एका इमारतीत शोध घेत होते. तिथे अमली पदार्थ नव्हते, स्फोटकेही नव्हती. तरीही २२५ वेळा ‘सापडले’ अशी नोंद झाली. हस्तकाच्या मनातील संशय नकळत श्वानापर्यंत पोहोचतो, किंवा त्याला श्वानाच्या हालचालीत तोच दिसू लागतो.

आपल्या पूर्वजांना हे अपरिचित नव्हते. गाईंचा माग काढणारी ऋग्वेदातील सरमा ही देवांची शुनी. पण ‘बृहद्देवता’ ग्रंथातील कथेत हीच सरमा पणींकडचे दूध पिऊन इंद्रापाशी खोटे बोलते. देवांच्या शुनीचीही पारख करावी लागली. मग ठाण्यातील श्वानाची का नको?

मानवाधिकाराचा गजर करणारी मंडळी जवानाच्या रक्ताविषयी मौन पाळतात, हे खरे. म्हणून राष्ट्रनिष्ठांनी निरपराधाच्या अश्रूंविषयी मौन पाळावे काय? १९७५ च्या आणीबाणीत हजारो स्वयंसेवक ‘मिसा’खाली खटल्याविना तुरुंगात गेले. केवळ संशयाच्या बळावर माणूस डांबला जातो, तेव्हा त्याच्या घरावर काय गुदरते, हे त्या कुटुंबांना कोणी सांगायला नको. शिवाय नाहक छळलेला वनवासी तरुण म्हणजे माओवाद्यांच्या हाती दिलेले आयते शस्त्र. निरपराध्याला गजाआड टाकणारा तपास खऱ्या गुन्हेगाराला मोकळा सोडतो, हे कठोर शासनाचा आग्रह धरणाऱ्यांनी तरी विसरू नये.

उपाय अवघड नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती व जप्तीचे दृकश्राव्य चित्रण अनिवार्य केले आहे. श्वानाने काढलेल्या मागाचेही आरंभापासून अखेरपर्यंत असेच चित्रण व्हावे. प्रत्येक श्वानाच्या यशाबरोबर अपयशाचीही नोंद राहावी आणि ती बचाव पक्षास मिळावी. अन्य पुरावा हाती येईपर्यंत केवळ श्वानाच्या इशाऱ्यावर कोणालाही अटक होऊ नये, कोणाचेही नाव वृत्तपत्रांना दिले जाऊ नये.

श्वान इमानी असतो, पण इमान म्हणजे प्रमाण नव्हे. त्याने वाट दाखवावी. निवाडा मात्र माणसाने, साक्षीपुराव्याने आणि धर्मबुद्धीने करावा. इटियाडोहच्या काठावरील शेवटच्या झोपडीलाही ज्या राज्यात न्यायाची खात्री वाटते, तेच खरे बलशाली राज्य!