‘खरा टोन’ नावाचं सोवळं

‘व्हॉल्व्ह अ‍ॅम्पशिवाय खरा टोन नाही’ हे गिटारवाल्यांचं सोवळं आता पुरे. ज्या आवाजाची ही पूजा चालते, तो आला कुठून? १९६१ साली गाजलेल्या मार्टी रॉबिन्सच्या ‘डोन्ट वरी’मधला फझ म्हणजे नॅशव्हिलच्या स्टुडिओतल्या कन्सोलचा बिघाड. १९६४ मध्ये किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने तर अ‍ॅम्पच्या स्पीकरवर सरळ ब्लेड चालवलं. बिघाडातून जन्मलेल्या आवाजाला पावित्र्य कसलं?

शिवाय व्हॉल्व्ह अ‍ॅम्प खुलतो तो मोठ्या आवाजात. वन रूम किचनमध्ये तो आवाज कोण सहन करणार? तिथे हेडफोन, साधा ऑडिओ इंटरफेस आणि ‘न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर’ हे फुकट सॉफ्टवेअर जास्त कामाचं.

पण शंभर प्रीसेट चाळणं म्हणजे रियाज नव्हे. एकच अ‍ॅम्प धरा. गेन कमी करा, मिड्स वाढवा. कॅबिनेटचे आयआर, म्हणजे स्पीकर आणि माइकचे डिजिटल ठसे, बदलून ऐका. आवाजाचा रंग तिथे सगळ्यात जास्त पालटतो. पेडल घेण्याआधी गंजक्या तारा बदला.

आणि पुन्हा कुणी सोवळं सांगायला आलं, तर डोळे मिटायला लावून दोन रेकॉर्डिंग ऐकवा. कुठलं व्हॉल्व्हचं, ते त्यालाच ओळखू द्या.