आधी माप तपासावे

वर्षअखेरीस ताळा जुळला नाही की आपण प्रथम नोंदी तपासतो. नोंदी बिनचूक निघाल्या, तर शंका मापावर येते. विल्बर आणि ऑर्व्हिल राइट या अमेरिकेतील सायकल-व्यावसायिक बंधूंवर १९०१ साली असाच प्रसंग आला.

किटी हॉकच्या वाळूवर त्यांच्या ग्लायडरला गणिताने सांगितलेल्या उचलीच्या जेमतेम एक तृतीयांश उचल मिळाली. हे गणित जर्मन अभियंता ऑटो लिलिएंथाल यांच्या कोष्टकांवर बेतलेले होते. लिलिएंथाल १८९६ मध्ये ग्लायडर कोसळून दगावले होते. त्यामुळे दोष त्यांच्या माथी मारणे सोपे होते. बंधूंनाही तशी शंका आली. परंतु निवाडा देण्यापूर्वी त्यांनी पडताळा घेण्याचे ठरवले.

डेटन येथील दुकानात त्यांनी सहा फूट लांबीची लाकडी पेटी बनवली आणि तिच्या एका टोकाला पंखा बसवला. हेच त्यांचे वातविवर, म्हणजे विंड टनेल. विमान हवेतून पुढे जावो अथवा स्थिर विमानावरून हवा वाहो, पंखावरील बल सारखेच असते; या साध्या तत्त्वावर ते चालते. आतील काटा करवतीची पाती आणि सायकलच्या आऱ्यांची तार यांचा होता. त्यावर त्यांनी पंखांचे सुमारे २०० छोटे नमुने जोखले.

लिलिएंथाल यांची कोष्टके बहुतांशी खरी ठरली. चूक होती ती अठराव्या शतकापासून सारे जण विश्वासाने वापरत आलेल्या वायुदाबाच्या गुणांकात. तो ०.००५ मानला जाई. ग्लायडरवरील मापे ताडून पाहता तो ०.००३३ च्या आसपास निघाला. शिवाय लांब व अरुंद पंख अधिक कार्यक्षम असतात, हेही पेटीने दाखवले. या आकड्यांवर १९०२ चे ग्लायडर उत्तम उडाले आणि १७ डिसेंबर १९०३ रोजी इंजिनाचे विमान १२ सेकंदांत १२० फूट गेले.

आज बंगळुरूच्या राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळेतील वातविवरात 'तेजस'सारख्या विमानांचे नमुने ध्वनीहून अधिक वेगाच्या वाऱ्यात पारखले जातात. पेटी मोठी झाली; हेतू तोच राहिला. चूक पेटीत उघडी पडली तर एक नमुना वाया जातो, आकाशात उघडी पडली तर माणूस जातो.

पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आकडा केवळ जुना म्हणून खरा ठरत नाही. दुसऱ्यावर ठपका ठेवण्यापूर्वी माप एकवार तपासून घ्यावे, हे पेढीवरही तितकेच खरे आहे.