मुलाखतीच्या आधीच निकाल

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि २९ जुने कायदे त्यांत विरघळले. तेव्हापासून वाद एकाच गोष्टीवर चालला आहे: मालकाचे किती सोपे झाले आणि कामगाराचे किती गेले. कामगार कपातीसाठी सरकारची परवानगी घ्यावी लागणाऱ्या कारखान्यांची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर गेली, मुदतीच्या नोकरीत वर्षभरानंतर ग्रॅच्युइटी मिळू लागली, वगैरे. हा वाद महत्त्वाचा आहे, पण तो नोकरी असलेल्यांचा आहे. आपल्यातल्या अनेकांचा प्रश्न त्याच्या एक पायरी आधी सुरू होतो. अर्ज पाठवला, आता फोन येईल का?

वेतन संहितेचे कलम ३ स्वतः उघडून वाचा, मोठे नाही. त्याच कामासाठी पगार देताना आणि भरती करताना स्त्री-पुरुष भेद करायचा नाही, असे ते म्हणते. चांगलेच आहे. पण धर्म हा शब्द त्यात नाही. जातही नाही. घटनेचे कलम १६ सरकारी नोकरीपुरते आहे, आणि धर्मावरून भेदभाव करू नये हे कलम १५ मधले बंधन मुख्यतः राज्यसंस्थेवर आहे. म्हणजे खासगी कंपनीने तुमचे नाव वाचून अर्ज बाजूला टाकला, तर कामगार कायद्यात तुम्ही बोट ठेवाल असे कलमच नाही.

‘पुरावा काय?’ असे विचारणारे भेटतातच. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रांतल्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फक्त नावे वेगळी. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत मुस्लिम नावाला पुढे बोलावले जाण्याची शक्यता साधारण एक तृतीयांश निघाली. दलित नावाला दोन तृतीयांश. २०२२ मध्ये लेड बाय फाउंडेशनने हजार जागांसाठी दोन काल्पनिक मुलींचे सारखेच बायोडेटा पाठवले. हिंदू नावाला २०८ होकारार्थी उत्तरे आली, मुस्लिम नावाला १०३. २०१५ मध्ये तर मुंबईतल्या एका हिरे कंपनीने एमबीए झालेल्या मुलाला ‘आम्ही मुस्लिमेतरच घेतो’ असे ईमेलवर लेखी कळवले होते. तो बिचारा नशीबवान म्हणायचा, कारण त्याला कारण तरी कळले! बाकीच्यांना ‘आम्ही कळवतो’ एवढेच मिळते.

असा कायदा लिहिता येत नाही, असेही नाही. एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी २०१७ मध्ये आणि तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ मध्ये केलेले कायदे नोकरीतला भेदभाव रोखतात, आणि खासगी मालकालाही बांधतात. सच्चर समितीने २००६ मध्ये समान संधी आयोग सुचवला होता. माधव मेनन यांच्या तज्ज्ञगटाने २००८ मध्ये त्याचा आराखडाही दिला. तेव्हाचे सरकार आपली मते हक्काने मागणारे होते, तरी आयोग झाला नाही. तेव्हा दोष एकाच पक्षाच्या पदरात टाकून मोकळे होऊ नका.

‘माझा पैसा, माझा धंदा, मी ठरवेन कोणाला घ्यायचे’ हा युक्तिवाद उत्तर आयर्लंडमध्येही होता. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात रक्त सांडलेला तो प्रदेश. तिथे दहापेक्षा जास्त कर्मचारी असलेल्या खासगी मालकाला आपल्याकडे कोणत्या समाजाचे किती लोक आहेत, याची नोंद दर वर्षी समानता आयोगाकडे द्यावी लागते. म्हणून तिथले धंदे बुडाले नाहीत. आपल्याकडे एवढी आकडेवारी जरी मागितली, तरी निम्मी सोंगे उघडी पडतील.

आता थोडे कडू. भिवंडी-मालेगावचे लूम, आपल्या गल्लीतली बेकरी, गॅरेज, बिर्याणीचे दुकान. इथे शेठ आपलाच असतो. बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या पोराच्या हातात नेमणुकीचा कागद असतो का? नव्या संहितेनुसार नेमणूकपत्र देणे ही मालकाची जबाबदारी आहे. ती संहिता दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणांना लागते, म्हणून वहीत नऊच नावे लिहिणारे हुशार लोक मी पाहिले आहेत. वेतन संहितेला मात्र अशी पळवाट नाही. जादा कामाला दुप्पट दर, काम सुटल्यावर दोन कामाच्या दिवसांत हिशेब. मजुरीबद्दलची हदीस जुम्याच्या बयानात ऐकून मान डोलावायची आणि ईदनंतर गावी गेलेल्या कारागिराचे पैसे चार महिने अडकवायचे, हे चालणार नाही. आपण मोर्चात न्याय मागू तेव्हा समोरचा पहिल्यांदा आपली हजेरीवही मागेल.

नोकरी शोधणाऱ्यांनी आजपासून नोंद ठेवावी: कुठे अर्ज केला, कधी, काय उत्तर आले, फोनवर काय विचारले. घर कुठल्या मोहल्ल्यात आहे, नमाजला सुट्टी लागेल का, हिजाब काढाल का, हे प्रश्न शब्दशः लिहून ठेवा. असे पाचशे कागद जमले की आमदार-खासदारांसमोर ठेवायला काहीतरी असेल; मते मागायला ते येतीलच. मागणी एकच ठेवा: कलम ३ मध्ये धर्म आणि जात हे शब्द घाला, आणि तक्रार ऐकणारा आयोग द्या.

ज्यांच्याकडे चार माणसे कामाला आहेत त्यांनी या मोहिमेत यायच्या आधी एक काम करावे. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत द्यायचा, असे संहिता सांगते. संहिता लागू असो वा नसो, त्याच दिवशी नेमणूकपत्रेही वाटून टाका.