नोकरी सोडा, मगच आमदार व्हा!



अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या विधानसभेवर १९७२ साली एक नर्स निवडून आली. एडी बर्निस जॉन्सन हे त्यांचे नाव. डॅलसच्या माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात त्यांची सोळा वर्षे सेवा झाली होती. नेमणूक न पाहताच झाली होती. हजर झाल्यावर बाई कृष्णवर्णीय आहेत असे दिसताच वसतिगृहातली ठरलेली खोली नाकारण्यात आली. ही नर्स खरोखर शिकलेली आहे, असे रुग्णांना सांगायला वरिष्ठ आधी वॉर्डात जात. त्याच बाई पुढे मानसोपचार विभागाच्या मुख्य परिचारिका झाल्या.

विधानसभेत त्यांनी कामगारविषयक समितीचे अध्यक्षपद सांभाळले. १९८६ साली त्या राज्याच्या सिनेटवर गेल्या, १९९२ साली देशाच्या संसदेवर. संसदेत निवडून आलेल्या त्या पहिल्या प्रशिक्षित नर्स. तीस वर्षे तिथे काढून २०२३ साली त्यांचे निधन झाले.

या कौतुकात एक गोष्ट दडते. केंद्र सरकारच्या नोकराने पक्षाच्या तिकिटावर उभे राहू नये, असा तिथे १९३९ चा हॅच कायदा आहे. म्हणजे उमेदवारीची किंमत होती सोळा वर्षांची नोकरी. पोटापाण्यासाठी त्यांना डॅलसच्या नीमन मार्कस या बड्या दुकानात काम धरावे लागले. सरकारने दार बंद केले, शेठजींनी उघडले! सगळ्याच नर्सना असा शेठ भेटतो काय?

आता आपल्याकडे वळू. रेल्वे रुग्णालयातली सिस्टर, ट्रॅकवरचा गँगमन, सॉर्टर, पोस्टमन यांना काय सवलत आहे? केंद्रीय कर्मचाऱ्यांचे १९६४ चे आणि रेल्वेचे १९६६ चे वर्तणूक नियम काढा. नियम ५ पाहा. विधिमंडळ राहो, गावच्या स्थानिक संस्थेच्या निवडणुकीतही भाग घेता येत नाही. मत द्या, पण कोणाला दिले ते सांगू नका! उभे राहायचे तर नोकरी सोडा. आणि जुन्या पेन्शनच्या नियमांत राजीनामा म्हणजे मागची सेवा बाद. हरलात तर घरी बसा.

साखर कारखान्याच्या अध्यक्षाला मात्र खुर्ची सोडावी लागत नाही. बिल्डरला धंदा सोडावा लागत नाही. त्यांचे हितसंबंध सभागृहात राजरोस बसतात आणि आपल्या वर्तणुकीचे नियम पाळले जातात की नाही ते पाहतात.

प्रशासन तटस्थ हवे, असे उत्तर मिळते. मान्य! सचिव आणि जिल्हाधिकारी यांच्या हाती निर्णय असतात. त्यांनी पक्षाचा झेंडा घेऊ नये. पण रूळ तपासणाऱ्याने कोणती निविदा काढायची असते? टपाल वाटणारा कोणते धोरण ठरवतो? जबाबदारी साहेबाची आणि बंदी शिपायाला, हा कुठला न्याय?

वेगळा मतदारसंघ आम्ही मागत नाही. निर्णयाधिकार नसलेल्या श्रेणींना निवडणुकीसाठी बिनपगारी रजा द्या, हरल्यास त्याच पदावर परत घ्या, निवडून आल्यास मुदतभर सेवेचा हक्क राखून ठेवा. एवढीच मागणी आहे.

प्रत्येक शाखेने येत्या सर्वसाधारण सभेत असा ठराव करून फेडरेशनकडे पाठवावा. रात्रपाळी केलेल्या माणसाने रात्रपाळीचा कायदा करावा, यात गैर ते काय?