डबा बदलावा की खोली?

गेल्या काही महिन्यांत डहाणू-तलासरीच्या आमच्या ओळखीच्या घरांत एक नवा शब्द येऊन बसला आहे: स्ट्रीमर. वापीला नाहीतर मुंबईला नोकरी करणारा मुलगा सुट्टीत घरी येतो, मोबाईलवर या यंत्राचे व्हिडिओ दाखवतो आणि म्हणतो, “अब्बा, हे लावलं की याच स्पीकरमधून वेगळाच आवाज येईल.” किमती काही हजारांपासून सुरू होतात आणि लाखाच्याही पुढे जातात. मग आम्हाला विचारलं जातं, घ्यावा का? आमचं उत्तर सरळ आहे. बहुतेक घरांत त्याची गरज नाही. का, ते नीट समजून घेऊ.

संगीत ऐकावं की नाही, किती ऐकावं, याबद्दल आपल्या घराघरांत मतं वेगळी आहेत. तो विषय आज नको. कुणी तिलावत ऐकतं, कुणी नात, कुणी गझल, कुणी फक्त बातम्या. आवाजाचे नियम सगळ्यांना सारखेच लागू होतात.

स्ट्रीमर म्हणजे वायफायवरून आवाजाची फाईल मिळवून ती अ‍ॅम्प्लिफायरकडे पोचवणारा डबा. इंटरनेटवरून जे येतं ते आकड्यांच्या रूपात येतं. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली तेव्हापासूनचा हिशेब असा: सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचं माप घ्यायचं आणि प्रत्येक माप १६ बिटांत लिहायचं. तरुण, निरोगी कान जास्तीत जास्त २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, त्याला एवढी मापं पुरतात. हे आकडे तुकड्यातुकड्यांनी येतात. एखादा तुकडा वाटेत हरवला तर यंत्र तो पुन्हा मागवतं, आणि पुढचा थोडा साठा आधीच करून ठेवतं. ही मनीऑर्डरच समजा. पोस्टमन सायकलवर आला काय किंवा मोटारीतून आला काय, हातात पडणारी रक्कम तीच असते.

आकड्यांपासून विजेच्या लहरी बनवण्याचं काम ‘डॅक’ नावाचा भाग करतो. तो स्ट्रीमरमध्ये असतो, तसाच मोबाईलमध्ये आणि टीव्हीमध्येही असतो. बऱ्यापैकी बनवलेल्या दोन डॅकमधला फरक मोजणाऱ्या यंत्राला दिसतो, पण घरात बसलेल्या माणसाच्या कानाला तो सहसा कळत नाही. महागड्या डब्याने आवाज ‘उघडतो’ असं जे सांगितलं जातं, त्यात बऱ्याचदा नवा डबा किंचित मोठ्याने वाजत असतो एवढंच. मोठा आवाज कानाला नेहमी चांगला वाटतो.

अमेरिकेत मेयर आणि मोरन या दोघांनी याच्या जवळची एक परीक्षा घेतली होती. तिचा अहवाल २००७ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात आला. सीडीपेक्षा बारीक मापांचं ध्वनिमुद्रण एकदा जसंच्या तसं आणि एकदा सीडीच्या दर्जावर उतरवून ऐकवलं, आणि कोणतं कुठलं ते ओळखायला सांगितलं. ५५४ वेळा विचारलं, २७६ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवूनही एवढंच जमलं असतं.

घरी ही परीक्षा घेता येते. मोबाईल तारेने अ‍ॅम्प्लिफायरला जोडा आणि कुणाकडून तरी उसना आणलेला स्ट्रीमरही जोडा. तीच सूरह, तेवढाच आवाज. ऐकणाऱ्याची पाठ यंत्राकडे, आणि मुलांपैकी एकजण मनाला येईल तशी बदलाबदल करील. दहा वेळा विचारा आणि कागदावर लिहून ठेवा. दहापैकी नऊ वेळा ओळखलं तर जरूर विकत घ्या.

मात्र आवाज बिघडतो, ही तक्रार खोटी नसते. त्याची कारणं बहुधा दुसरीकडे असतात. पहिलं कारण नेटवर्क. तलासरीच्या आतल्या पाड्यांकडे जाताना मोबाईलच्या दांड्या कमी होतात. अशा वेळी पुष्कळ अ‍ॅप स्वतःहून हलक्या दर्जाची फाईल पाठवायला लागतात, म्हणजे मनीऑर्डर निघतानाच कमी रकमेची निघते. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये दर्जा ‘ऑटो’वर असेल तर तो बदला, आणि चांगलं नेट मिळेल तेव्हा हवं ते डाऊनलोड करून ठेवा. यात पैसा खर्च होत नाही. दुसरं कारण ब्लूटूथ. त्यात फाईल पुन्हा एकदा दाबली जाते. साधी तार लावली की ती पायरी टळते. तिसरं कारण स्वस्त चार्जरमुळे येणारी घरघर. तिच्यासाठी चार्जर बदलावा, अ‍ॅम्प्लिफायर नव्हे. डहाणूच्या किनाऱ्याजवळच्या घरांत चौथं कारण आहे, खारी दमट हवा. पिना हिरवट पडतात, खरखर सुरू होते, स्पीकरच्या कडेचा फोम काही वर्षांत भुगा होतो. वर्षातून एकदा पिना काढून पुसाव्यात.

सगळ्यात मोठी मर्यादा मूळ ध्वनिमुद्रणाची असते. इजिप्तचे कारी महमूद खलील अल-हुसरी यांनी १९६१ मध्ये संपूर्ण कुरआनची तिलावत ध्वनिमुद्रित केली. ते त्या काळच्या टेपवरचं काम आहे. त्यात जेवढं उतरलं तेवढंच आज कुठल्याही डब्यातून निघेल, आणि तेवढं ऐकायला मोठी किंमत मोजावी लागत नाही. उलट उदाहरण आपल्या शेजारचं आहे. वारली पाड्यावरचा तारपा वाळलेला भोपळा, बांबू आणि ताडाचं पान यांतून बनतो. समोर उभं राहून ऐकला तर त्याचा घुमारा छातीत जाणवतो. मोबाईलवर टिपलेला तोच तारपा सपाट लागतो, कारण मोबाईलचा छोटा माइक मोठा आवाज आपोआप दाबतो. जे आत गेलंच नाही ते कुठलाही स्ट्रीमर बाहेर काढू शकत नाही.

मुलं तिलावत शिकत असतील तर आवाजाच्या स्पष्टपणाला खरंच महत्त्व आहे. उर्दू बोलताना आपण से, सीन आणि सुआद ही तिन्ही अक्षरं एकाच ‘स’ने उच्चारतो. अरबीत तिघांचे उच्चार वेगळे आहेत. हे बारकावे बऱ्याच अंशी वरच्या पट्टीतल्या आवाजात असतात. जुन्या टेलिफोनच्या तारेतून साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच आवाज जायचा, म्हणून नाव सांगताना ‘स’ की ‘फ’ असं पुन्हा विचारावं लागे. मोबाईलच्या स्पीकरवर किंवा घुमणाऱ्या खोलीत ऐकून शिकणाऱ्या मुलाची अडचण तशीच असते. त्याला साधा, स्वच्छ हेडफोन लावून द्या आणि आवाज मध्यम ठेवा. उस्तादांसमोर बसून शिकण्याला मात्र पर्याय नाही.

आता खोली. आपल्याकडे वर पत्रा, खाली लादी आणि मोकळ्या भिंती अशी पुष्कळ घरं आहेत. खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे झणझणीत शेपूट ऐकू आली, तर प्रत्येक शब्दामागे तीच शेपूट लागते आहे. सतरंजी अंथरा, जाड पडदा लावा, गोधड्यांची चवड उघडी ठेवा, भिंतीला पुस्तकांचं कपाट टेकवा. स्पीकर शोकेसच्या आत किंवा कोपऱ्यात कोंबू नका. बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवा. कपाटाच्या माथ्यावर तर नकोच. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात, दुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाचे धक्के बसत आले आहेत. वरून जड स्पीकर पडणं ही आपल्याकडे नुसती कल्पना नाही. आणि जुलैचा पाऊस पत्र्यावर कोसळत असेल तेव्हा यंत्र बंद करून पाऊसच ऐकावा हे बरं.

शेवटचा मुद्दा आम्हाला सगळ्यात जवळचा वाटतो. अनेक घरांत हा डबा दादी-नानांसाठी घ्यायचा विचार असतो. “ऐकू येतं, पण शब्द कळत नाहीत,” असं ते म्हणतात, आणि मुलांना वाटतं यंत्र जुनं झालं. वय वाढतं तशी वरच्या पट्टीतला आवाज ऐकण्याची ताकद आधी कमी होते. स, श, फ, त यांसारखी व्यंजनं निसटतात, स्वर तेवढे पोचतात. ही तक्रार कानाची आहे. त्यांना आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या. कधी नुसता मळ निघतो आणि काम होतं. कधी श्रवणयंत्र लागतं. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना अशी साधनं देणारी केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे, तिची चौकशी करावी. कान कमी ऐकू लागला की माणूस हळूहळू बोलणं सोडतो, दस्तरखानावर गप्प बसतो. टीव्हीचा आवाज वाढवल्याने ते भरून येत नाही.

तेव्हा खर्चाचा क्रम असा ठेवा. आधी घरातल्या वडीलधाऱ्यांचे कान, मग खोली, मग स्पीकर, आणि अगदी शेवटी डबा. मोबाईल आल्यागेल्याच्या फोनसाठी मोकळा राहावा, मध्येच घंटी वाजून तिलावत तुटू नये, एवढ्यासाठी कुणाला साधा स्ट्रीमर हवा असेल तर त्यात गैर काही नाही. सोय म्हणून घ्या, आवाज बदलेल या आशेने घेऊ नका. इसराफपासून दूर राहायला आपल्याला शिकवलं आहे, आणि गरज नसलेली वस्तू हप्त्यावर घेणं हाही इसराफच.

अल्लाहने दिलेल्या कानांची आणि हलाल कमाईची कदर करण्याची तौफीक आपल्या सर्वांना मिळो. आमीन.