तापाच्या गोळीवरील चार ओळी

इन्फ्ल्युएंझा हा आपल्याकडे आजार म्हणून फारसा गणलाच जात नाही. ‘फ्लू झालाय’ असे सांगणाऱ्याच्या स्वरात चिंतेपेक्षा दोन दिवसांच्या रजेची सूचनाच अधिक असते. बहुसंख्यांच्या बाबतीत ही बेफिकिरी खपून जाते. परंतु काही थोड्या बालकांच्या व किशोरवयीन मुलांच्या बाबतीत हा आजार मेंदूपर्यंत पोचतो, आणि मग दिवसांचा नव्हे, तासांचा हिशेब करावा लागतो.

सिडनी येथील बालरुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डग्लस राय यांनी १९६३ साली अशा एका विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. फ्लू किंवा कांजिण्या ओसरत आल्या, मूल आता बरे होणार असे वाटू लागले, की एकाएकी अनावर उलट्या सुरू होतात. मग ग्लानी, असंबद्ध बडबड, झटके, बेशुद्धी. मेंदूला सूज आलेली असते व यकृतात चरबी साठलेली असते. पुढे हा विकार राय यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. अमेरिकेत १९७९-८० या एका वर्षात त्याचे ५५५ रुग्ण नोंदले गेले. अशा रुग्णांपैकी जवळजवळ एक-तृतीयांश दगावत.

१९८० च्या सुमारास तेथील काही राज्यांतील पाहण्यांतून एक गोष्ट पुढे आली. आजारी पडलेल्या बहुतेक मुलांना तापासाठी अ‍ॅस्पिरिन देण्यात आले होते. जून १९८२ मध्ये अमेरिकेच्या आरोग्यमंत्र्यांनी अ‍ॅस्पिरिनच्या वेष्टनावर इशारा छापण्याचा मनोदय जाहीर केला. त्याच वर्षी नोव्हेंबरात तो मागेही घेतला. उत्पादकांचे म्हणणे असे, की पुरावा अपुरा आहे, आणखी अभ्यास व्हावा. अभ्यास झाला, निष्कर्ष तोच निघाला आणि इशारा सक्तीचा झाला तो १९८६ मध्ये. त्याच वर्षी ब्रिटनने १२ वर्षांखालील मुलांसाठी अ‍ॅस्पिरिन बंद केले. २००२ मध्ये ही मर्यादा १६ वर्षांपर्यंत नेली. १९८७ नंतर अमेरिकेत एका वर्षात ३६ हून अधिक रुग्ण कधीच नोंदले गेले नाहीत. जुन्या रुग्णांपैकी काहींना वस्तुतः जन्मजात चयापचयदोष असावा, असे आता मानले जाते. तो आक्षेप रास्त आहे. पण आकड्यांची ही घसरण त्याने पुरती उलगडत नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या इतिहासातील मधली चार वर्षे अस्वस्थ करतात. पुराव्याची मागणी गैर नव्हे. प्रश्न असा, की निर्णय लांबण्याचा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो? इशारा चुकीचा ठरला असता, तर उत्पादकांचा काही खप घटला असता आणि तापासाठी दुसरे औषध हाताशी होतेच. इशारा बरोबर असून थांबविला गेला, त्याची किंमत मुलांनी मोजली. या दोन तोट्यांना एकाच तराजूत समान वजन देणे हा निःपक्षपात नव्हे, हिशेबातील घोळ आहे.

हा विकार आता दुर्मीळ झाला असला, तरी फ्लूमुळे मेंदूला होणारी इजा संपलेली नाही. जपानमध्ये १९९८-९९ च्या हंगामात अशा १४८ रुग्णांची नोंद झाली. बहुतेक पाच वर्षांखालील. त्यांपैकी सुमारे ३२ टक्के दगावले, तर २८ टक्क्यांना अपंगत्व आले. तेथे डायक्लोफिनॅक व मेफेनॅमिक आम्ल या औषधांकडे बोट दाखविले गेले. अतितीव्र तापाच्या मुलांनाच जालीम औषध मिळत असेल, तर दोष तापाचा की औषधाचा, हे सांगणे कठीण. तरीही जपानने २०००-०१ मध्ये फ्लूच्या रुग्णांत त्यांच्या वापरावर निर्बंध घातले. अमेरिकेत २०२३ ते २०२५ या दोन हंगामांत मेंदूवर अतितीव्र आघात झालेल्या ४१ मुलांचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. २७ टक्के मुले मृत्यू पावली, तीन-चतुर्थांश मुले पूर्वी निरोगी होती आणि त्या हंगामाची फ्लूची लस फारच थोड्यांनी घेतली होती.

आपल्याकडे फ्लूची लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही. ज्याला परवडेल त्याने ती पदरमोड करून घ्यावी. औषधाच्या दुकानात ‘तापाचे काहीतरी द्या’ एवढे म्हटले, की गोळी हाती पडते. मेफेनॅमिक आम्लाची पातळ औषधे मुलांच्या तापावर सर्रास दिली जातात. आजोबांच्या हृदयविकारासाठी आणलेले अ‍ॅस्पिरिन घरात असतेच. वेष्टनावरील मजकूर बहुधा इंग्रजीत व इतक्या बारीक टंकात असतो, की इंग्रजी जाणणारा कारकूनही तो वाचण्याच्या भानगडीत पडत नाही. (सवलतीच्या जाहिराती मात्र ठळक मराठीत असतात.) १६ वर्षांखालील मुलांना वैद्यकीय सल्ल्यावाचून अ‍ॅस्पिरिन देऊ नये, हे वाक्य वेष्टनावर मराठीत छापावयास कितीसा खर्च येणार? केंद्राचा कायदा बदलेपर्यंत निदान राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने तशा पाट्या औषधांच्या दुकानांत लावावयास लावाव्यात.

शाळांना तर कोणाच्या आदेशाचीही वाट पाहावी लागणार नाही. पावसाळ्यात वर्गातील बाके रिकामी पडू लागली, की पालकांकडे एक चिठ्ठी धाडावी: फ्लू झालेले मूल वारंवार ओकू लागले, हाक मारूनही नीट जागे होईना, माणसे ओळखेना किंवा त्याला झटका आला, तर रात्र सरण्याची वाट न पाहता त्याला थेट रुग्णालयात न्यावे, आणि आधी कोणते औषध दिले होते, त्याचे वेष्टन बरोबर ठेवावे.